स्टेडियममधील दिव्यांग प्रेक्षक: आधी बसण्याची जागा, मग वाट, मग रॅम्प

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील तुमच्या तालुक्याच्या गावी क्रीडा संकुलाचे फुटबॉल मैदान आहे, त्याच्या एका बाजूला पाच पायऱ्यांची सिमेंटची गॅलरी आहे आणि दर फेब्रुवारीत तुमचे मंडळ तिथे स्पर्धा भरवते. तुमचे मोठे भाऊ तीनचाकी सायकल वापरतात आणि त्यांना आजवर सामना फाटकाबाहेर थांबून ऐकावा लागला आहे. गॅलरीच्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत ३० फुटांचा रॅम्प बांधून देण्याची तयारी एका ठेकेदाराने दाखवली आहे. तो योग्य ठरेल का आणि आणखी काय करावे लागेल, असे तुम्ही विचारले आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि विदर्भातील शाळा, सरकारी कार्यालये व क्रीडांगणे दिव्यांगांना कितपत वापरता येतात हे तपासून सुधारणा सुचवण्याचे काम गेली अनेक वर्षे करते आहे. त्या अनुभवावरून पहिले उत्तर स्पष्ट देते: हा रॅम्प बांधू नका. तुमच्या गॅलरीची प्रत्येक पायरी दीड फूट उंच आहे, म्हणजे पाच पायऱ्यांची चढण साडेसात फूट झाली. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२ असावा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी हवी. त्या हिशेबाने नुसता उतारच ९० फुटांचा होतो. दर अडीच फूट चढणीनंतर पाच फुटांचा सपाट टप्पा द्यावा लागतो, असे मधले दोन टप्पे आणि वर-खाली एकेक टप्पा धरला तर एकूण लांबी ११० फूट भरते. ठेकेदाराचा ३० फुटांचा रॅम्प म्हणजे १:४ चा उतार होय. अशा उतारावर हाताने पॅडल मारून तीनचाकी वर चढणार नाही, आणि मागून कोणी ढकलत नेली तरी उतरताना ती हातातून निसटण्याची भीती राहील. एका संकुलात मी याच प्रकारचा रॅम्प पाहिला आहे. त्यावर आता मुले घसरगुंडी खेळतात आणि तो ज्यांच्यासाठी बांधला ते प्रेक्षक खालीच थांबतात.

पण उतार चुकला आहे एवढीच अडचण असती, तर लांबी वाढवून काम भागले असते. खरा प्रश्न असा आहे की भावांना घरून निघून मैदानात येता आले पाहिजे, सामना दिसला पाहिजे, मध्यंतरात पाणी पिऊन शौचालयात जाता आले पाहिजे आणि अंधार पडण्याआधी सुखरूप घरी परतता आले पाहिजे. यातला एक दुवा तुटला तर उरलेल्या सगळ्या सोयी वाया जातात. म्हणून मी नेहमी उलट्या क्रमाने विचार करते. प्रेक्षक कुठे बसला तर त्याला सामना नीट दिसेल हे आधी ठरवते, मग त्या जागेपासून मागे मागे फाटकापर्यंत वाट आखते, आणि त्या वाटेत चढ आलाच तर तेवढ्यापुरता रॅम्प सुचवते.

बसण्याच्या जागेचा विचार मी जरा विस्ताराने मांडते, कारण सर्वाधिक दुर्लक्ष तिथेच होते. व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढ व्यक्तीचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. दोरीला टेकून उभे असलेल्या माणसाचे डोके साडेपाच फुटांवर असते. त्यामुळे बसलेल्या माणसाच्या पुढे एक रांग जरी उभी राहिली तरी त्याला मैदान दिसत नाही, आणि गोल होण्याची वेळ आली की बसलेले लोकही उठून उभे राहतात. म्हणजे ज्या क्षणासाठी माणूस आलेला असतो नेमका तोच क्षण त्याच्या वाट्याला येत नाही. ही अडचण मोठमोठ्या स्टेडियममध्येही असते, आणि म्हणूनच चांगल्या रचनेत व्हीलचेअरची जागा पुढचे प्रेक्षक उभे राहतील हे गृहीत धरून ठरवली जाते.

तुमच्याकडे दुसरा अडथळा फ्लेक्सचा असेल. स्पर्धेत बल्ल्या रोवून मैदानाच्या कडेने प्रायोजकांचे आणि पुढाऱ्यांचे फ्लेक्स लावले जातात. समजा फ्लेक्स तीन फूट उंच आहे आणि तो प्रेक्षकापासून सहा फुटांवर आहे. चार फुटांवरच्या डोळ्यांपासून फ्लेक्सच्या वरच्या कडेला लागून जाणारी रेषा पुढे वाढवली, तर ती प्रेक्षकापासून २४ फुटांवर जमिनीला टेकते. फ्लेक्सच्या पलीकडची १८ फूट जमीन त्यामुळे झाकली जाते. तुमची बाजूची रेषा फ्लेक्सपासून दहा फुटांवर असेल, तर मैदानातला आठ फुटांचा पट्टा नाहीसा झाला, आणि विंगवरून चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूचे पाय नेमके त्याच पट्ट्यात असतात. फ्लेक्स दोन फुटांचा केला की झाकलेली जमीन सहा फुटांवर येते आणि पूर्ण मैदान मोकळे होते. या बदलाला एक रुपयाही लागत नाही. फ्लेक्स छापायला देण्यापूर्वी माप सांगावे लागते, एवढेच.

प्रायोजकांना फ्लेक्स तीन फुटांचाच हवा असेल, तर प्रेक्षकाला थोडे उचलावे लागेल. गॅलरीच्या पुढे किंवा तिच्या शेजारी दीड फूट उंचीचा ओटा बांधला, तर डोळे साडेपाच फुटांवर येतात आणि त्याच फ्लेक्सच्या पलीकडे केवळ सात फुटांच्या आसपास जमीन झाकली जाते. म्हणजे बाजूच्या रेषेच्या आतले काहीच लपत नाही. मात्र साडेपाच फूट हीच उभ्या माणसाच्या डोक्याची उंची असल्यामुळे ओट्याच्या पुढे गर्दी उभी राहिली तर हा सगळा हिशेब कोलमडतो. ओट्यासमोर दोरी बांधून जागा रिकामी ठेवणे आणि तिथे सामनाभर एक स्वयंसेवक उभा न करता बसवून ठेवणे हा या रचनेचाच भाग समजावा.

आता रॅम्पकडे वळू. दीड फुटाच्या ओट्यासाठी १८ फुटांचा उतार आणि दोन्ही टोकांना पाच-पाच फुटांचे सपाट टप्पे धरले तर २८ फूट होतात. ठेकेदाराने जी ३० फुटांची जागा काढली आहे, तीच योग्य ओट्यासाठी पुरते. रुंदी चार फुटांहून कमी नको, दोन्ही बाजूंना हाताला धरायला दुहेरी नळी असावी आणि कडेला चाक घसरू नये म्हणून चार इंचांचा कठडा असावा. पृष्ठभाग झाडूने ओढलेल्या खरबरीत सिमेंटचा ठेवा. गुळगुळीत टाइल ओली झाली की कुबडी निसटते.

ओट्यावर किती जागा ठेवाव्यात हे तुमच्या गर्दीवर अवलंबून आहे. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या मार्गदर्शिकेत १०,००० पेक्षा कमी क्षमतेच्या मैदानासाठी किमान सहा किंवा दर शंभर प्रेक्षकांमागे एक, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती धरली जाते. तुमच्यासाठी सहा ही चांगली सुरुवात आहे. एका व्हीलचेअरला तीन फूट आणि शेजारच्या सोबत्याच्या खुर्चीला दोन फूट, याप्रमाणे सहा जोड्यांना ३० फूट लांबी लागते. खोली दहा फूट ठेवा, म्हणजे मागून दुसऱ्याला अडथळा न करता जाता येईल. सोबत्याची खुर्ची शेजारीच हवी, मागे नको. माणूस सामना बघायला आपल्या माणसांबरोबर येतो, आणि त्याला एका कोपऱ्यात अनोळखी लोकांत बसवणे मला मान्य नाही.

तीनचाकी सायकल मात्र व्हीलचेअरपेक्षा बरीच लांब असते आणि वळायला अधिक जागा घेते. तिची मापे कारखान्यागणिक बदलतात, म्हणून कागदावरचे माप न धरता भावांची सायकल मैदानावर आणा, त्यांना स्वतः वळण घ्यायला सांगा आणि चाकांच्या मागावर फक्की टाका. त्या आकृतीवरून टप्प्याची रुंदी ठरवा. स्कूटरला दोन जादा चाके बसवून येणारेही आता पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी ओट्याजवळ कडक जमिनीवर वाहनतळ राखून ठेवा. मोटारीसाठी अशी एक जागा ३.६ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब धरतात.

जागा कोणत्या बाजूला असावी याचे उत्तर सूर्यावर आणि चेंडूवर अवलंबून आहे. गोलच्या मागे ओटा कधीही नको, कारण जोरात आलेला चेंडू चुकवायला व्हीलचेअरवरच्या माणसाला वेळ मिळत नाही. मैदान दक्षिणोत्तर असेल तर पश्चिम बाजू निवडा, म्हणजे दुपारनंतरच्या सामन्यात ऊन पाठीवर येईल आणि डोळ्यांवर येणार नाही. वर हिरव्या जाळीचा मांडव घाला. फेब्रुवारीत ही चैन वाटेल, पण मज्जारज्जूला मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीला इजेच्या खालच्या शरीरावर नीट घाम येत नाही आणि अंग लवकर तापते. उन्हाळी शिबिराचे सामने असतील तर आपल्याकडच्या उन्हात ही जिवावरची गोष्ट आहे.

ओट्यापासून फाटकापर्यंतची वाट हा आपल्या भागातला सर्वांत अवघड दुवा आहे, आणि त्याचे कारण काळी माती आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेला काँक्रीटचा पट्टा किंवा पेव्हिंग ब्लॉक दोन पावसाळ्यांत वरखाली होतो, आणि अर्ध्या इंचाची उठलेली कडही पुढच्या लहान चाकाला अडवते. वाटेखालची काळी माती फूट-दीड फूट काढून तिथे चांगला मुरूम थरांनी भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा, आणि पाणी वाहून जाईल असा अगदी हलका आडवा ढाळ द्या. यंदा एवढे पैसे नसतील तर स्पर्धेपुरती दाबलेल्या मुरुमाची वाट करून तिच्यावर जाड प्लायवुडचे तक्ते एकमेकांना पट्टीने जोडून टाका. फेब्रुवारीत हे चालते. शालेय सामने पावसाळ्यात होत असतील तर ते चालणार नाही, कारण तेव्हा नुसत्या मुरुमातही चाक रुतते.

फाटकाचे वेगळे सांगते. गुरे आत येऊ नयेत म्हणून आपल्याकडे मैदानाला वेडेवाकडे वळणाचे लोखंडी फाटक किंवा जवळजवळ रोवलेले खांब असतात. त्यातून माणूस जातो, म्हैस अडते आणि तीनचाकीही अडते. शेजारी चार फुटांचे साधे उघडणारे फाटक बसवा आणि सामन्याच्या दिवशी त्याची किल्ली कोणाकडे आहे हे लिहून लावा. नालीवरच्या जाळीच्या फटी अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या नसाव्यात आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात.

शौचालयाबद्दल बोलायला लोक संकोचतात, म्हणून मीच स्पष्ट लिहिते. वापरता येईल असे शौचालय नसेल तर दिव्यांग प्रेक्षक सकाळपासून पाणी पीत नाहीत. स्त्रिया तर येतच नाहीत आणि मग त्यांना फुटबॉलमध्ये रस नाही असे आपण समजतो. खोली किमान २२०० बाय २००० मिलिमीटर असावी, दार बाहेर उघडणारे आणि तीन फूट मोकळे असावे, कमोडची बैठक ४५० ते ४८० मिलिमीटर उंचीवर असावी, एका अंगाला व्हीलचेअर लावायला जागा असावी आणि दोन्ही बाजूंना माणसाचे वजन पेलणारे आधारदांडे असावेत. दाराशी एक पायरी राहिली तरी हे सगळे निरुपयोगी ठरते. तुमच्या संकुलात अशी खोली आधीच बांधलेली असण्याची शक्यता आहे, कारण नकाशात ती असतेच. अनेक ठिकाणी मी ती कुलूपबंद आणि आत जाळ्या, फक्कीची पोती व जुने हर्डल्स भरलेली पाहिली आहे. आधी ते कुलूप उघडून बघा.

आतापर्यंत चाकांवरच्या प्रेक्षकांविषयी लिहिले, पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या अधिकार कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांपैकी अनेकांना रॅम्पचा काहीच उपयोग नाही. दृष्टिहीन प्रेक्षकासाठी तुमच्याकडे मोठी सोय तयारच आहे, ती म्हणजे धावते समालोचन. २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात काही स्टेडियममध्ये दृष्टिहीनांसाठी वर्णनात्मक समालोचन दिले गेले आणि २०२२ मध्ये कतारला ते अरबीतही होते. त्याचे तत्त्व सोपे आहे: चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात आहे, कोणाकडे आहे आणि कोणत्या दिशेने चालला आहे, हे सतत सांगायचे. तुमच्या समालोचकाला दोन्ही गोलना गावातली ओळखीची नावे द्यायला सांगा, जसे देवळाकडचा गोल आणि शाळेकडचा गोल, आणि खेळ चालू असताना बक्षिसांच्या घोषणा थांबवायला सांगा. घोषणांसाठी मध्यंतर पुरेसे आहे.

कर्णबधिर प्रेक्षकाला फुटबॉल बराचसा डोळ्यांनी समजतो. पिवळे आणि लाल कार्डसुद्धा १९७० च्या विश्वचषकात भाषेची अडचण ओलांडण्यासाठीच वापरात आले. त्यांना कमी पडतात त्या भोंग्यावरच्या सूचना. गुणफलकाशेजारी एक मोठा फळा ठेवा आणि सामन्याची बदललेली वेळ, हरवलेले मूल, वादळाचा इशारा हे सर्व त्यावर लिहा. स्वमग्न किंवा आवाजाने घाबरणाऱ्या मुलांसाठी डीजेपासून शक्य तितक्या दूरची एक सावलीची जागा राखा. आतषबाजी होणार असेल तर ती केव्हा होणार हे आधी सांगा.

कायद्याची बाजू अशी आहे. २०१६ चा हा दिव्यांग व्यक्तींचा अधिकार कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि आधीच्या सार्वजनिक इमारती तिथपासून पाच वर्षांत अडथळाविरहित करायच्या होत्या, म्हणजे ती मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना जागा वापरता येण्याची, मानके केवळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत, असा निर्णय दिला. त्यामुळे क्रीडा संकुल समितीला आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना अर्ज देताना तुम्ही उपकार मागत नाही, हे लक्षात ठेवून लिहा. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. मात्र पहिल्याच पत्रात दंडाची भाषा वापरू नये असे माझे मत आहे. मोजमापे, नकाशा आणि अंदाजपत्रक जोडलेल्या अर्जाला उत्तर लवकर मिळते.

निधीसाठी जिल्हा वार्षिक योजना किंवा आमदार स्थानिक विकास निधीकडे मागणी करा. ग्रामपंचायती आणि नगरपंचायती आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवतात, तीही कोणी सुचवेल. त्या पैशातून कोणाला तीनचाकी मिळते, कोणाला उपचाराची मदत मिळते. संकुलाचा ओटा ही संकुलाच्या मालकाची जबाबदारी आहे आणि तिचा भार त्या छोट्या रकमेवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पैशाअभावी काम अडले तर धीर सोडू नका. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील अतिश्रीमंत क्लबांनीही आपल्या स्टेडियममध्ये दिव्यांगांसाठी सोयी सुधारण्याचे २०१५ मध्ये वचन देऊन ऑगस्ट २०१७ ची मुदत घेतली होती, आणि ती सर्वांना पाळता आली नाही. यंदा फ्लेक्सचे माप, मोकळी दोरी, उघडलेले शौचालय, तक्त्यांची वाट आणि समालोचन एवढे करा, ओटा पुढच्या वर्षी पक्का होईल.

वेळापत्रकही वाटेचाच भाग आहे. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत असली तरी सामना साडेसहाला संपला आणि गावाकडची मुक्कामी गाडी सहाला सुटली, तर सवलतीचा उपयोग नाही. आसपासच्या गावांच्या शेवटच्या गाड्या बघून अंतिम सामना लवकर सुरू करा, किंवा बस स्थानक ते मैदान आणि परतीसाठी मागचा दरवाजा खाली उघडणारे एक वाहन ठरवा. स्वयंसेवक महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे असतील तर त्यांना एक गोष्ट आवर्जून शिकवा: विचारल्याशिवाय कोणाच्याही व्हीलचेअरला किंवा पांढऱ्या काठीला हात लावायचा नाही.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी भावांना, एखाद्या दृष्टिहीन तरुणाला आणि शक्य झाल्यास व्हीलचेअर वापरणाऱ्या एका महिलेला बोलावून, त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च मंडळाने देऊन, फाटकापासून ओट्यापर्यंत, तिथून शौचालयापर्यंत आणि परत असा पूर्ण फेरा करवून घ्या. ते जिथे थबकतील तिथे खूण करा आणि नकाशापेक्षा त्या खुणांवर विश्वास ठेवा.

ठेकेदाराला होकार देण्यापूर्वी मला तीन गोष्टी कळवा: गॅलरीची दिशा, बाजूच्या रेषेपासून फ्लेक्सपर्यंतचे अंतर आणि फक्कीने आखलेल्या भावांच्या सायकलच्या वळणाची रुंदी. तेवढ्यावरून ओट्याचा आणि रॅम्पचा कच्चा नकाशा मी मापांसह काढून देईन.